वाघोबाच्या शेजारची डबी

गारी येनार का नाय, एवढंच चांगोला आईला कळवायचं होतं. एका शब्दाचं काम. त्या एका शब्दापायी तो जेवढे डोंगर चढला-उतरला, तेवढ्यात त्यानं रानभाजीची पाटी स्वतः डोक्यावर घेऊन बदलापूरच्या बाजारात वीस वेळा पोचवली असती. गाडीला आम्ही गारी म्हणतो. शहरातल्यांना हसू येतं, येऊ दे.

चांगोची आई बनूबाई. बारवी धरणाच्या अंगाला, डोंगराच्या कडेवर बसलेली पंधरा-सोळा घरांची उंबराची वाडी आहे, तिथं ती राहते. पावसाळ्यात तिथल्या बायांचा धंदा एकच. टाकळा, कुर्डू, कंटोळी, बांबूचे कोंब, रान देईल ते उपटायचं, उजाडता उजाडता पाटी भरायची आणि तासभर घसरत घसरत खाली फाट्यावर यायचं. सातच्या सुमाराला तिथं विकासची जीप येते. विकास बदलापूर गावातला. पाट्या टपावर, बाया आत, आणि साडेआठच्या आत बाजारात बैठक.

येते म्हणजे, आली तर येते. विकासला मधेच बांधकामावरच्या मजुरांचं भाडं मिळालं की तो फाट्याकडे फिरकत नाही. वाडीत मोबाइलला रेंज नाही. वर टेपावर, म्हणजे डोंगराच्या माथ्यावर, चढलं तर मिळते. पण डोक्यावर पाटी असलेली बाई आधी वर चढेल, फोन करेल आणि मग खाली उतरेल, असं ज्याला वाटतं त्यानं जन्मात पाटी उचललेली नाही. बाया आपल्या फाट्यावर बसून राहायच्या. नऊ वाजले, टाकळ्यानं मान टाकली, की उठायचं आणि तीच पाटी घेऊन तोच डोंगर परत चढायचा. भाजी बकऱ्यांपुढे. बनूबाईच्या दारातल्या बकऱ्या दरसाल पावसाळ्यात फुगतात त्या अशा.

चांगो अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकलच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. बायको सुषमा आणि तो बदलापुरातल्या बेलवलीत भाड्याच्या खोलीत राहतात. सुट्टी मिळाली की हा उल्हासनगर गाठायचा. तिथं जुन्या रेडिओपासून मोबाइलच्या सर्किटपर्यंत सगळं मिळतं, ते चिवडत उभं राहायचं हाच त्याचा सिनेमा. अशाच एका दुकानात त्याला शरदचंद्र भेटले. कारखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी, राहायला बेलवलीतच, पायात कॅनव्हासचे बूट. काउंटरवर काडेपेटीएवढी एक डबी ठेवून ते दुकानदाराशी अँटेनावरून वाद घालत होते.

"ये क्या है साहब, पेजर?" चांगोनं विचारलं.

"मराठी आहेस ना? मग मराठीत विचार," शरदचंद्र म्हणाले आणि मग अर्धा तास बोलतच राहिले. ही डबी म्हणजे रेडिओ. हिला सिम नको, टॉवर नको, रिचार्ज नको, लायसन नको. मोबाइलवर निरोप लिहायचा, डबी तो हवेत सोडते. दुसरी डबी तो पकडते आणि पुढं सोडते, मग तिसरी. असं डब्यांचं जाळं. बदलापुरात आणि अंबरनाथमध्ये मिळून आठ-दहा हौशी माणसं असं जाळं विणत बसली होती.

"म्हंजे कुकारा," चांगो म्हणाला.

"काय?"

"आमच्या डोंगरात एक मानूस या शेतातून हाळी देतो, दुसरा ऐकतो, तो पलीकडच्याला देतो. तसंच ना?"

शरदचंद्रांनी चष्मा काढून पुसला. "अगदी तसंच. फक्त आम्हाला त्याच्यासाठी इंजिनियर व्हावं लागलं."

त्या दिवसापासून चांगो पिसाळला. शरदचंद्रांची मंडळी या जाळ्यावर एकमेकांना काय पाठवायची? "गुड मॉर्निंग. सिग्नल कसा आहे?" दुसरा म्हणायचा, "मस्त. तुमचा?" बस, एवढंच. चहा पिऊन सगळे खूश. चांगोला मात्र त्या जाळ्याच्या टोकाला आपली आई दिसत होती, फाट्यावर दगडावर बसलेली.

बेत सरळ होता. सकाळी सहाला चांगो विकासला फोन करणार. विकास हो किंवा नाही म्हणणार. चांगो आपल्या खिशातल्या डबीतून निरोप सोडणार, तो शरदचंद्रांच्या गच्चीवरची डबी पकडणार, तिथून वाडीच्या वरच्या टेपावर एक डबी आणि टेपावरून बनूबाईच्या घरात एक. बनूबाईला वाचता येत नाही, म्हणून घरातल्या डबीला भोंगा. दोनदा टूक टूक वाजलं तर गाडी येणार. एकदाच लांब वाजलं तर नाही.

"आणि काहीच वाजलं नाही तर?" शरदचंद्रांनी विचारलं होतं.

"का नाय वाजनार? वाजंल की."

टेपावरच्या डबीनं त्याला दोन महिने रडवलं. पहिला अँटेना चुकीचा निघाला, भलत्याच फ्रिक्वेन्सीचा. दुसऱ्या वेळी डबीत पाणी गेलं. मग पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवली, झाकणाला सिलिकॉन लावलं, तर आतल्या आत घाम सुटून सर्किटला गंज. खोलीत जेवायच्या जागेवर सोल्डरिंगचा धूर. सुषमा एक दिवस ताट हातात घेऊन उभी राहिली.

"जेवायला कुठं बसू? त्या डबीच्या मांडीवर?"

"दोन मिनिटं थांब गं."

"डोंगरावरच्या डबीची बॅटरी चार वेळा बदललीस. घरातला गॅसचा लायटर दीड महिना झाला बंद आहे. मी काडेपेटी घासतेय. इलेक्ट्रिशियनची बायको!"

चांगोनं त्या दिवशी लायटर उघडला आणि त्याची स्प्रिंग हरवली. असो.

आषाढात डबी तयार झाली, डोक्यावर बॅटरी भरायला उन्हावर चालणारं लहानसं पॅनल. टेपावर बसवायची तर जागा एकच, वाघोबाची. तिथून एका बाजूला वाडीची कौलं दिसतात आणि दुसऱ्या बाजूला, हवा मोकळी असली तर, बेलवलीच्या इमारती. वाघोबा म्हणजे कमरेएवढा उभा दगड, शेंदरानं माखलेला. त्याची सेवा रखमाबाईच्या घराण्याकडे. म्हातारीला दिसतं कमी, पण टेपावर कोण चढलं ते तिला घरात बसून कळतं. पाइप खांद्यावर घेऊन चांगो निघाला तशी ती वाटेत काठी आडवी धरून उभी.

"देवाच्या सेजारी काय गारतंस रं?"

"गाडत नाय आजी, उभं करतो. आईला गारीचा निरोप द्यायला."

"मंग त्याला इचारलास?"

आता चांगो कितीही एमआयडीसीत गेला तरी त्याच वाडीत वाढलेला. वाघोबाशेजारी काही ठेवायचं आणि देवाला नारळ द्यायचा नाही, हे त्याच्याही हातून झालं नसतं. त्यानं नारळ फोडला. देवाला तेलात कालवलेला शेंदूर लावला. बोटाला राहिलेला शेंदूर कुठं पुसायचा म्हणून एक टिळा डबीच्या पाइपलाही लावला. रखमाबाईनं बघितलं, मान हलवली. सगळा घोटाळा इथंच झाला. तेव्हा मात्र कुणालाच तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बनूबाईच्या घरात टूक टूक झालं. बनूबाई चुलीपुढून दचकून उठली आणि तिच्या हातातली भाकर राखेत पडली. बाया धावत आल्या. पाट्या उतरल्या, गाडी आली. तिसऱ्या दिवशी एक लांब आवाज झाला, बाया घरीच राहिल्या आणि गाडी खरंच आली नाही. वाडीत चांगोचं नाव झालं. आठ दिवस सगळं नीट चाललं. बेलवलीत चांगो मोबाइलवर टेपावरच्या बॅटरीच्या व्होल्टचा आकडा बघत बसायचा, बाप पोराचा ताप बघतो तसा.

मग आकडा उतरायला लागला. चार पॉइंट एक. तीन पॉइंट नऊ. तीन पॉइंट सहा. 

"ढग आहेत रे," शरदचंद्र म्हणाले. "पॅनल लहान पडतंय."

"ढग तर पयल्या दिवसापासून हायेत काका. तवा कसा भरत होता?"

"मग अँटेना. नाहीतर सॉफ्टवेअर. अपडेट मारलास का?"

चांगोला स्वतः वर जायला सवड नव्हती. कारखान्यात वर्षाचं शटडाउन लागलं होतं, सगळ्या मोटारी उघडून पडल्या होत्या आणि सुट्ट्या बंद. त्यानं वाडीतल्या मधूला गाठायचं ठरवलं. मधू त्याच्याच वयाचा, बकऱ्या राखतो, बकऱ्या टेपावर नेल्या की त्याच्या फोनला रेंज येते. दोन दिवस खटपट केल्यावर एकदाचा फोन लागला.

"मधू, डबी बघ. जाग्यावर हाय का?"

"हाय ना. जाईल कुठं?"

"परली-बिरली नाय ना? कुनी हात लावला?"

"नाय रं. देखनी हाय एकदम. देवासारखी."

"पॅनल, वरची काळी काच, फुटली नाय ना?"

"काय नाय फुटलं. सांगतंय ना, बेस हाय."

चांगोनं फोन ठेवला आणि शरदचंद्रांना सांगितलं, पॅनल ठीक आहे. मग दोघांनी सात दिवस सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज उलट्यापालट्या केल्या.

डबी गुरुवारी मेली. त्या सकाळी विकासनं हो म्हटलं होतं. चांगोनं निरोप सोडला, एकदा, दोनदा, पाच वेळा. मोबाइलवर "पोचला" अशी खूण येईना. वाडीत बाया पाट्या भरून बनूबाईच्या अंगणात थांबल्या. काहीच वाजलं नाही. बनूबाई म्हणाली, "गारीवाला काय बोल्लाच नाय, म्हंजे येनार नाय." बाया घरी गेल्या. विकास फाट्यावर पाऊण तास थांबला आणि रिकामा परतला. त्याचा फोन कारखान्यात आला, चांगो मोटारीत अर्धा घुसलेला असताना.

"ए भाई, मी काय बसस्टॉप आहे का? तुझी आई कुठाय?"

"विकासदा, डबी बिघडली रे. त्यांना कळलंच नाय."

"आधी डबी नव्हती तेव्हा बायका रोज यायच्या ना? मी आलो नाय आलो, त्या यायच्या! आता तूने डबी लगाया और वो घर पे बैठ गयी."

चांगो मोटारीतून बाहेर सरकला. विकास बोलतच होता.

"सुन, एमआयडीसीच्या शिफ्टवाल्यांना सकाळी रिक्षा पुरत नाय. स्टेशनवरून रोजचा धंदा आहे मला. तुझ्या आईकडं बघून मी फाट्याला येतो. सोमवारी पाट्या दिसल्या पायजे. नाय दिसल्या तर मी शिफ्ट पकडतो, मग मेरेको फोन नको करू."

म्हणजे ज्या गाडीचा निरोप द्यायला डबी केली, ती गाडीच डबीनं घालवायची वेळ आणली. चांगोनं फोरमनच्या पाया पडून रविवारची सुट्टी काढली आणि पावसात टेप चढला.

वर पोचला आणि उभाच राहिला. डबी दिसेना. वाघोबाशेजारी दुसरा वाघोबा उभा होता. पाइपच्या बुडापासून अँटेनाच्या टोकापर्यंत शेंदूर. बोटबोट जाडीचा, तेलात कालवलेला, पावसालाही न हटणारा. पॅनलच्या काचेवर तर जास्तच, कारण ती सपाट, हात चांगला फिरतो. वर एक झेंडूचं फूल. खाली टाकळ्याची जुडी ठेवलेली.

वाडीची रीत आहे. रानातली नवी भाजी आधी देवाला, मग बाजाराला. भाजी निघाली की घरटी एक बाई टेपावर जाऊन जुडी ठेवते आणि शेंदूर लावते. यंदा देव दोन होते. चांगोनं स्वतःच्या हातानं नारळ फोडून टिळा लावलेला दुसरा देव, त्यात तो गाडीचा निरोप देणारा. बायांनी त्याला मोठ्याहून जास्त चोपडलं. सोळा घरांचा शेंदूर.

चांगोनं डोकं धरलं. मग खिशातून फडकं काढून काच घासायला लागला. रखमाबाई कधी चढून आली कळलं नाही.

"शेंदूर पुसतंस? मेल्या!"

"आजी, ही काच हाय. हिच्यावर ऊन परायला पायजे. ऊन नाय तर बॅटरी नाय, बॅटरी नाय तर निरोप नाय."

"आठ दिवस बोलली ना? तवा शेंदूर व्हता ना?"

"तवा एक टिळा होता! पाइपावर!"

"कुनी लावलंता?"

चांगो बोटांना लागलेला शेंदूर फडक्यानं पुसायला लागला.

"तूनीच लावलास पयला. आमी काय येऱ्या-खुळ्या हाव, कुठल्यापन पाइपाला देव म्हनायला? तूनी टिला लावलास म्हनून आमी लावला. आता बोलतंस ही काच हाय. मंग टिला कला लावलास काचेच्या डबीला, कशाला?"

"पाइपाला लावला, आजी."

"पाइप तिचाच ना?"

शेवटी सौदा झाला. डबी आणि पॅनल दोन पुरुष उंच बांबूवर चढवायचं, कुणाचा हात पोचणार नाही असं. खाली बांबूच्या बुडाला दगड लावायचा, बायांनी शेंदूर त्याला लावायचा. "पाय तरी असूदे त्याला," रखमाबाई म्हणाली. चांगोनं मधूच्या घरून रॉकेल मागून काच धुतली, नवी बॅटरी घातली, बांबू उभा केला. उतरताना आईला बजावून गेला. उद्या सहाला वाजणार. दोनदा वाजलं की निघायचं. कायपन झालं तरी निघायचं.

"आनि नाय वाजली तर?" बनूबाईनं विचारलं.

"तरी निघायचं!"

"मंग डबी कला?"

"आई, उद्याचा दिवस ऐक माझं."

सोमवारी सहाला चांगोनं विकासला फोन लावला. विकास म्हणाला, "हो हो, येतो, ठेव." चांगोनं निरोप सोडला. मोजून चार सेकंदांत मोबाइलवर खूण आली: पोचला. बेलवलीतून थेट आईच्या चुलीपर्यंत. चांगोनं सुषमाला हाक मारून ती खूण दाखवली. ती म्हणाली, "बरं झालं," आणि काडेपेटी शोधायला लागली.

सातला अकरा बाया अकरा पाट्या घेऊन फाट्यावर हजर होत्या. आठ वाजले. नऊ वाजले. टाकळ्यानं मान टाकली. साडेनऊला पाऊस आला आणि बाया परत डोंगराला लागल्या.

विकासचा फोन दुपारी लागला. तो एमआयडीसीच्या गेटबाहेरच उभा होता, चांगोच्या कारखान्यापासून पाच मिनिटांवर.

"तू हो बोललास ना रे!" चांगो ओरडला.

"बोललो, तू रोज डोकं खातोस म्हणून बोललो. निघालो पण होतो. स्टेशनजवळ शिफ्टचे सहा जण उभे, हात करतायत. मला वाटलं, तुझी डबी परत मेलेली असणार, बायका कुठल्या येतायत. गेल्या गुरुवारसारखं परत पाऊण तास कोन थांबणार?"

"बाया आल्या होत्या! अकरा! सगळ्या!"

"आता मला काय माहीत?" विकास म्हणाला. आवाज जरा खाली आला. "बघ, सहा जण महिन्याचं बोललेत. मी हो सांगितलंय. राग नको धरू भाई."

तेवढ्यात शरदचंद्रांचा निरोप डबीवर आला. त्यांनी त्यांच्या पडद्यावर सकाळचा सगळा प्रवास बघितला होता. "चांगो, अभिनंदन! पहिल्याच फटक्यात पोचला. एकाही डबीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आपल्या जाळ्यातली ही सर्वोत्तम लिंक आहे. संध्याकाळी चहाला ये." चांगोनं तो वाचला आणि डबी हत्यारांच्या पेटीत टाकून झाकण आपटलं.

पुढच्या सुट्टीला तो वाडीवर गेला तेव्हा बनूबाई दारात कंटोळी निवडत बसली होती. बाया तिच्याशी बोलत होत्या, पण चांगो आला तशा उठून गेल्या. 

"तुझी डबी खोटं बोलली," बनूबाई म्हणाली.

"डबी नाय बोलली आई. विकास बोलला. डबीनं तो बोलला तेच सांगितलं."

"आमाला डबीनंच सांगलं. इकास आमच्या घरात कवा आयला?"

चांगोनं आणखी मोठा बेत सांगून बघितला. विकासच्या जीपमध्येच एक डबी बसवू, म्हणजे गाडी कुठं आहे ते दिसेल. दुसरा कुणी गाडीवाला बघू, त्यालाही एक देऊ. बनूबाई कंटोळीचे देठ खुडत राहिली.

"गारी बघली मी," ती म्हणाली. "पलीकडच्या अंगाला दूधवाल्याचा टेंपो येतो. परवा जाऊन बसली त्याच्या वाटंवर, बोल्ली, आमाला नेशील का? तो बोल्ला, नेईन. वरच्या वळनावर आला का तीन हॉर्न मारतो. हितपर्यंत येतो आवाज. मंग आमी उतरतो. अर्ध्या वाटंवर थांबायचं, हॉर्न आयला का पुढं, नाय आयला का माघारी."

"हॉर्न," चांगो म्हणाला.

"हां. मोठा हाय त्याचा."

चांगो तिच्याशेजारी बसून कंटोळीचे देठ खुडायला लागला. मग म्हणाला, "मग ही काढून नेऊ का घरातली?"

बनूबाईनं भिंतीवरच्या डबीकडं बघितलं. "ऱ्हाउ दे. वाजली का उंदीर पलतात."

टेपावरची डबी चांगोनं काढली नाही. काढायला बांबू उतरवावा लागला असता आणि बुडाच्या दगडावर ताजा शेंदूर होता. बांबूला टेकून त्यानं मोबाइल बघितला. बॅटरी चार पॉइंट दोन, पूर्ण भरलेली, इतकी ती आधी कधीच भरली नव्हती. पडद्यावर शरदचंद्रांचा निरोप पडला: "टेस्ट. आज सिग्नल कसा आहे?"

चांगोनं "मस्त" असं लिहिलं, पाठवलं, आणि चार शिव्या घालत उतरायला लागला.